डोंगरातल्या शेतकऱ्याच्या फोनवर सल्ला येत नाही, अर्धा येतो, चुकीचा येतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मेसेज, आवाजी कॉल किंवा ॲपवरून शेतीचा सल्ला देणाऱ्या सेवेबद्दल डोंगराळ भागातून जी तक्रार येते, ती बहुतेक वेळा दोनच शब्दांची असते: "येत नाही." एवढ्यावरून काहीच कळत नाही. फोनला हात लावण्याआधी खालच्यापैकी नेमकं काय होतंय ते विचारून घ्या. प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळ्या जागी असतं.

लक्षणं

- चार-पाच दिवस काहीच येत नाही. मग माणूस माथ्यावर किंवा मोठ्या रस्त्याला गेला की आठ-दहा मेसेज एकदम येऊन पडतात.
- घरच्यांचे, बँकेचे मेसेज येतात, फक्त सल्ल्याचे येत नाहीत.
- मेसेज अर्धाच येतो, किंवा अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात.
- आवाजी कॉल उचलल्यावर थोड्याच वेळात तुटतो, किंवा "एक दाबा" म्हटल्यावर दाबूनही पुढे सरकत नाही.
- मिस्ड कॉल दिला तरी उलट फोन येत नाही.
- रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, तरी काही जात नाही की येत नाही.
- ॲप उघडतं, पण हवामान जुनंच दाखवतं.
- सगळं वेळेवर येतं, पण सल्ला आपल्या शेताला लागू पडत नाही.

शेवटचं लक्षण सर्वात घातक आहे, कारण त्याची तक्रार कुणी करत नाही. दोन-तीनदा सल्ला चुकला की शेतकरी मेसेज वाचणंच सोडून देतो, आणि सेवेच्या नोंदीत मात्र तो "मेसेज पोहोचला" म्हणून जमा राहतो. त्यामुळे मेसेज पोहोचायला लागले म्हणजे काम झालं असं समजू नका. खालची तपासणी शेवटच्या टप्प्यापर्यंत न्या.

एक शिस्त पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहा: काय बदललं, किती वाजता, कुठे उभं राहून. तीन सेटिंग एकदम बदलून फोन सुरू झाला तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच दोष परत आला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१. बंद-चालू, तारीख, रिचार्ज

फोन फ्लाइट मोडवर टाका, ३० सेकंद थांबा आणि परत चालू करा. साध्या बटणाच्या फोनला बंद करून चालू करा. हे नुसतं "करून बघा" नाही, त्यामागे कारण आहे. कोणता फोन शेवटी कुठे दिसला याची नोंद नेटवर्क ठेवत असतं. फोन सापडला नाही की मेसेज कंपनीच्या मेसेज-केंद्रात थांबतो आणि "हा नंबर दिसला की कळवा" अशी खूण ठेवली जाते. फोन नव्याने नेटवर्कला जोडला गेला की ती खूण जागी होते आणि अडकलेले मेसेज सुटतात. पाच मिनिटांत मेसेजची रांग लागली, तर सेवा ठीक आहे आणि दोष रेंजचा आहे. सरळ पाचव्या टप्प्यावर जा.

फोनची तारीख आणि वेळ बघा. बॅटरी काढून घातल्यावर जुन्या फोनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साध्या मेसेजला त्याचा त्रास होत नाही, पण ॲपला होतो. ॲप आणि सर्व्हर यांच्यातल्या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं. फोन स्वतःला दहा वर्षं मागे समजत असेल तर तो ती जोडणीच नाकारतो. पडद्यावर फक्त "नेटवर्क नाही" एवढंच दिसतं आणि सगळे रेंज शोधत बसतात.

रिचार्ज संपला असेल तर बहुतेक कंपन्या आधी बाहेर जाणारे कॉल बंद करतात आणि काही काळाने येणारेही. बराच काळ रिचार्ज न झालेला नंबर काढून घेऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग शेतकऱ्याच्या नावाचे सल्ले अनोळखी माणसाला जात राहतात आणि सेवेला पत्ताही लागत नाही. नोंदवलेल्या नंबरवर शेजारच्या फोनवरून कॉल लावा आणि हाच फोन वाजतो का ते स्वतःच्या कानाने ऐका.

२. इनबॉक्स भरला आहे का

साधा फोन मेसेज सिमवर साठवत असेल तर तिथे साधारण १० ते ५० मेसेजचीच जागा असते. ती भरली की बहुतेक फोनवर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत राहतं. फोन नेटवर्कला "जागा नाही" असं कळवतो आणि नवे मेसेज केंद्रातच अडतात. जाहिरातींचे जुने मेसेज पुसा, पण शेतकऱ्याला विचारून पुसा. बियाण्याची, औषधाची, पैशांच्या व्यवहाराची नोंद लोक मेसेजमध्येच ठेवतात. शक्य असेल तर साठवण्याची जागा "सिम" ऐवजी "फोन" करा.

वयस्कर माणसांच्या बटणाच्या फोनमध्ये हा दोष इतक्या वेळा सापडतो की रेंजचा विचार करण्याआधी पाकीट बघणं कधीही चांगलं.

३. दोन चाचणी मेसेज

शेजारच्या फोनवरून दोन मेसेज पाठवा, एक रोमन अक्षरांत, एक देवनागरीत. दोन्ही आले तर फोन, सिम आणि रेंज ठीक आहेत. दोष नोंदणीत किंवा ब्लॉकमध्ये आहे. रोमन आला आणि देवनागरीत चौकोन दिसले तर फोनमध्ये लिपीच नाही. कुठलंही सेटिंग तिथे उपयोगाचं नाही. सेवेकडून रोमन लिपीतले मेसेज किंवा आवाजी सल्ला मागून घ्या. दोन्ही आले नाहीत तर रेंज किंवा सिम.

४. ब्लॉक, नोंदणी आणि दोन सिमांचा घोळ

स्मार्टफोनमध्ये "स्पॅम आणि ब्लॉक" हा वेगळा कप्पा असतो, तो उघडा. एकाच नावाने एकाच साच्यातले मेसेज हजारो लोकांना जातात, त्यामुळे फोन त्यांना जाहिरात समजू शकतो. तिथे सापडले तर "स्पॅम नाही" अशी खूण करा. जाहिराती बंद करण्यासाठी नंबरवर सरसकट बंदी घेतलेली असेल, तर सल्लाही तीत अडकलेला असू शकतो. ती बंदी कोणकोणत्या प्रकारच्या मेसेजना लागू आहे हे कंपनीला विचारा.

पाठवणाऱ्याच्या जागी नंबर न दिसता अक्षरांचं नाव दिसत असेल (असं नाव जास्तीत जास्त ११ अक्षरांचं असतं), तर त्या मेसेजला उत्तर पाठवता येत नाही. शेतकरी पीक बदलल्याचं त्याच मेसेजखाली लिहून पाठवतो, ते कुठेही पोहोचत नाही, आणि पुढचे सहा महिने त्याला मागच्या पिकाचे सल्ले येत राहतात. बदल कळवायचा नंबर वेगळा असतो. तो शोधून फोनमध्ये नावासकट साठवून द्या.

आता सिम. डोंगरात अलीकडच्या उतारावर एका कंपनीची रेंज तर पलीकडे दुसरीची, म्हणून माणसं दोन सिम बाळगतात. नोंदणी एका सिमवर झालेली असते आणि फोन मिस्ड कॉल दुसऱ्याच सिमवरून लावतो. सेवा त्या दुसऱ्या नंबरला ओळखत नाही. सेटिंगमध्ये कॉलसाठी नोंदणी असलेलं सिम कायमचं निवडा. त्याच वेळी नंबर लपवलेला नाही ना ते बघा. *#३१# डायल केल्यावर आपला नंबर समोरच्याला दिसतो की नाही हे पडद्यावर येतं. नंबर लपलेला असेल तर मिस्ड कॉल पोहोचतो, पण उलट फोन कुणाला करायचा हे यंत्राला कळत नाही.

कॉल दुसरीकडे वळवलेले असणं हेही नेहमीचं कारण. *#२१# लावून बघा. अनोळखी नंबर दिसला तर ##००२# लावल्यावर सगळी वळवणी रद्द होते. मात्र आधी घरच्यांना विचारा, रेंज नसताना कॉल मुलाच्या फोनवर जावा म्हणून कुणी मुद्दाम वळवून ठेवलेला असू शकतो.

५. रेंज: काड्यांवर विश्वास ठेवू नका

किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या याचा सर्व फोनांना लागू असा नियम नाही. एकाच ओट्यावर एक फोन चार काड्या दाखवतो, दुसरा दोन. खरा आकडा डीबीएममध्ये (रेंजची ताकद मोजायचं एकक) असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, फोनबद्दल, सिमची स्थिती या वाटेने तो सापडतो. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९० पर्यंत काम निर्धास्त चालतं. उणे १०५ च्या आसपास मेसेज येतात पण कॉल अडखळतो. उणे ११५ च्या खाली भरवसा धरू नका. २जीवर उणे १०० नंतर अशीच अवस्था. ही मोजपट्टी सरळ नाही: ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा. त्यामुळे दोन पावलं सरकल्याने आकडा ६ ने सुधारला, तर ते किरकोळ समजू नका, ताकद चौपट झाली आहे.

घरात, दारात, गोठ्याजवळ, खाचराच्या वरच्या बांधावर आणि डोंगराच्या सोंडेवर असे पाच-सहा आकडे घ्या. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट स्थिर उभं राहा, फोन लगेच खरा आकडा दाखवत नाही. पत्र्याचं छप्पर आणि जाड दगडी भिंत खूप ताकद खातात. पुष्कळ घरांत खिडकीतल्या एका कोपऱ्याशिवाय कुठेच कॉल टिकत नाही. तो कोपरा सापडला की तिथे खुंटी ठोका, पिशवी टांगा आणि सल्ल्याच्या वेळेला फोन त्या पिशवीत ठेवायची सवय लावा. एवढ्या साध्या उपायाने निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात असं आमचं ठाम मत आहे.

डोंगरात रेंजचे तीन प्रकार फसवतात.

पहिला, सावलीचा. टॉवर आणि शेत यांच्या मध्ये सोंड आली की पलीकडे रेंजची सावली पडते. कमी वारंवारितेच्या लहरी (७०० ते ९०० मेगाहर्ट्झ) कड्यावरून थोड्या वाकून खाली उतरतात, जास्त वारंवारितेच्या (१८००, २३००) फारशा वाकत नाहीत. म्हणून घळीत ४जी अधूनमधून येत-जात असेल आणि २जी स्थिर असेल, तर नेटवर्कचा प्रकार हाताने २जीवर ठेवल्यास मेसेज आणि आवाजी कॉल सुधारतात. मात्र आधी खात्री करा. काही कंपन्यांकडे २जी मुळात नाही, काहींनी बंद केलं आहे. तिथे हे सेटिंग केलं तर फोन पूर्ण मुका होतो आणि दोष तुमच्या हातून घडतो.

दुसरा, माथ्यावरचा. उंचावरून लांबचे टॉवर दिसतात, काड्या भरपूर, पण कॉल लागतच नाही. २जीमध्ये टॉवर फोनच्या अंतराप्रमाणे वेळ जुळवून घेतो. त्याच्या ६३ पायऱ्या आहेत, प्रत्येक सुमारे ५५० मीटरची. म्हणजे साधारण ३५ किलोमीटरच्या पलीकडचा फोन टॉवरला ऐकू येत असला तरी तो त्याला धरू शकत नाही. खोऱ्यापलीकडच्या दूरच्या टॉवरला चिकटलेल्या फोनचं हेच होतं. उपाय विचित्र वाटेल, पण थोडं खाली उतरा, म्हणजे दूरचा टॉवर डोंगराआड जाईल आणि फोन जवळचा धरील. दोन टॉवर सारख्याच ताकदीने दिसणाऱ्या जागी फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. तिथे आवाजी कॉल तुटतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

तिसरा, पावसाचा. फोनच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. पण डोंगरातले टॉवर पुष्कळदा एकमेकांशी तबकडीच्या अँटेनाने, बऱ्याच जास्त वारंवारितेवर जोडलेले असतात आणि मुसळधार पावसात ती जोडणी कमजोर होते. टॉवर जागेवर चालू असतो म्हणून काड्या पूर्ण दिसतात, पण त्याचाच पुढे संपर्क तुटलेला असतो. अशा वेळी फोनमध्ये काहीही बदलू नका. त्याच कंपनीचा दुसरा फोन त्याच जागी बघा. दोन्ही बंद म्हणजे दोष फोनचा नाही.

आणि बॅटरी. रेंज कमी तितका फोन जास्त ताकदीने ओरडतो, म्हणून घळीतल्या शेतात दिवसभर ठेवलेला फोन संध्याकाळपर्यंत संपतो. मग सल्ला सुटतो तेव्हा फोन बंद असतो. दिवसा शेतात रेंज नसेलच तर फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि घरी आल्यावर चालू करा. सेवेला मेसेज संध्याकाळी पाठवायला सांगा.

६. उशिरा आलेला मेसेज आणि "उद्या" हा शब्द

केंद्रात अडकलेला मेसेज किती वेळ राखायचा हे पाठवणाऱ्याला ठरवता येतं. मुदत संपली की तो पुसला जातो. शेतकऱ्याला काही कळत नाही, पाठवणाऱ्याच्या पोच-अहवालात मात्र "मुदत संपली" अशी नोंद राहते. तो अहवाल मागा. खताच्या सल्ल्याला काही दिवसांची मुदत असली तरी चालतं. पावसाच्या इशाऱ्याला ती कमीच हवी, कारण शिळा इशारा न आलेल्या इशाऱ्यापेक्षा वाईट.

म्हणून सेवा चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: मेसेजमध्ये "उद्या", "आज", "येत्या दोन दिवसांत" लिहू नका, तारीख लिहा. सोमवारी सुटलेला "उद्या पाऊस" गुरुवारी माथ्यावर वाचला गेला, तर शुक्रवारची फवारणी विनाकारण थांबते. शेतकऱ्यांनीही तारीख नसलेल्या मेसेजवरून काम ठरवू नये.

अर्ध्या मेसेजचं कारण लांबीत आहे. एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षर ७ बिटांत बसतं म्हणून १६० अक्षरं जातात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात म्हणून ७० च. त्याहून लांब मेसेजचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडण्याची माहिती जागा खाते म्हणून प्रत्येकात ६७ खुणा उरतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "क्षे" हे दिसायला एक अक्षर, मोजायला चार. कमजोर रेंजमध्ये तीनपैकी एक तुकडा अडला तर काही फोन उरलेले दोन दाखवतात, काही काहीच दाखवत नाहीत. "फवारणी करू नका" मधला "नका" शेवटच्या तुकड्यात गेला तर काय होईल याचा विचार करा.

"१२ तारखेला दुपारनंतर पाऊस. फवारणी नको." हा मेसेज ३८ खुणांचा आहे. एवढ्यात काम भागतं. नमस्कार, संस्थेचं पूर्ण नाव आणि शुभेच्छा यांनीच मेसेजचे तीन तुकडे होतात. रोमन मेसेजमध्ये देवनागरीचं एक जरी चिन्ह शिरलं तरी पूर्ण मेसेज ७० च्या हिशोबात जातो, हेही लक्षात ठेवा.

७. आवाजी सल्ला: बटण लागत नाही

बटण दाबल्यावर पुढे सरकत नसेल तर आधी स्पीकर बंद करा. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि यंत्र गोंधळतं. बटण अर्धा सेकंद दाबून धरा, टिचकी मारू नका. साध्या फोनमध्ये कॉल चालू असताना बटणांचे सूर पाठवण्याचं सेटिंग असतं (डीटीएमएफ), ते चालू करा. स्मार्टफोनमध्ये कानाला लावल्यावर पडदा विझतो. तो कानापासून दूर घेऊन आकड्यांचा पट उघडावा लागतो, आणि तेवढ्यात यंत्राची वाट बघण्याची वेळ संपते. ही खूप जणांची अडचण आहे आणि ती शेतकऱ्याची चूक नाही. सेवेने प्रश्न दोनदा विचारायला हवा आणि थांबायला हवं.

८. ॲप

ॲपच्या पडद्यावर अंदाज कधीचा आहे ती वेळ शोधा. ती सापडत नसेल तर त्या अंदाजावर फवारणी ठरवू नका. बॅटरी बचत ॲपला पार्श्वभूमीत झोपवते, या ॲपपुरती ती बंद करा. फोनमधली जागा भरली असेल तर नवी माहिती साठत नाही. फार जुन्या अँड्रॉइडमध्ये सुरक्षिततेची मूळ प्रमाणपत्रंच कालबाह्य झालेली असतात. तिथे झगडत बसू नका, मेसेज किंवा आवाजी सेवेवर या.

९. सल्ला येतो, पण शेताला लागत नाही

सर्वात जास्त वेळ इथे द्या.

नोंदणी करताना गाव विचारलं जातं, शेताची उंची क्वचितच. डोंगरात एकाच गावाची जमीन ओढ्यापासून माथ्यापर्यंत चारशे-पाचशे मीटर चढलेली असू शकते. हवा सरासरी दर १००० मीटरला ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते, म्हणजे ४०० मीटरला २.६ अंश. हा फरक पिकाच्या वाढीत किती मोठा होतो बघा. १० अंशांच्या वर वाढणाऱ्या एखाद्या पिकाला १००० अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानातले १० च्या वरचे अंश, दिवसागणिक जमा केलेले) लागतात असं धरू. खाली सरासरी तापमान १८ अंश असेल तर रोज ८ जमा होतात, पीक १२५ दिवसांत तयार. वर १५.४ अंशांना रोज ५.४ जमा होतात, म्हणजे १८५ दिवस. पायथ्याच्या हिशोबाने आलेला "आता दुसरा खताचा हप्ता द्या" हा मेसेज माथ्यावर काही आठवडे आधीच येऊन धडकतो.

दव गोठण्याचं गणित याच्या उलट. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घसरते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. त्या रात्री तळाचं खाचर मधल्या उतारापेक्षा जास्त गारठतं. शिवाय दीड मीटर उंचीवरचा तापमापक २-३ अंश दाखवत असताना जमिनीलगत दव गोठू शकतं. म्हणून तळाच्या शेतकऱ्याने "किमान तापमान ३ अंश" हा मेसेज निर्धास्त होऊन वाचू नये.

रोगाचे इशारेही असेच. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये वापरला जाणारा हटन निकष असा आहे: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान ६ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. आर्द्रता मोजणारं केंद्र खाली कोरड्या खोऱ्यात असेल आणि शेत धुक्याच्या पट्ट्यात, तर केंद्रावर निकष पूर्ण होण्याआधीच शेतातली पानं तासन्‌तास ओली असतात. धुक्यातल्या शेतकऱ्याने इशाऱ्याची वाट न पाहता पानं तपासावीत.

दुरुस्ती अशी करा. शेताची उंची फोनच्या जीपीएसने मोजा, पण तिच्यावर एकदम विसंबू नका. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता गणिती पृष्ठभागापासूनची देतात आणि हा फरक काही प्रदेशांत १०० मीटरच्या आसपास जातो. उंची माहीत असलेल्या एखाद्या ठिकाणी आधी आकडा पडताळा, जेवढा फरक दिसेल तेवढा शेताच्या आकड्यात वळता करा. मग शेताची उंची, उताराचं तोंड कुठल्या दिशेला आणि धुकं पडतं की नाही, या तीन गोष्टी सेवेला कळवून नोंदणी बदलून घ्या.

त्यानंतर दहा दिवस मोजा. कमाल-किमान तापमापक सावलीत, दीड मीटर उंचीवर, वारा लागेल असा टांगा. पावसासाठी सरळ कडांचा सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी पट्टीने मिलिमीटर मोजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी. मेसेजमधला आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी लिहा. फरक रोज साधारण सारखाच असेल, समजा २ ते ३ अंशांचा, तर चूक उंचीची आहे आणि तेवढे अंश वजा करून सल्ला वापरता येतो. फरक कधी वर कधी खाली उडत असेल तर अंदाजाची चौकट (जेवढ्या भागाला मिळून एकच अंदाज काढतात तो चौकोन) तुमच्या खोऱ्यासाठी फार मोठी आहे. नोंदणी बदलून ते सुधारणार नाही, सेवेला जवळचं हवामान केंद्रच शोधावं लागेल. दहा दिवसांची अशी वही पुढे केली की सेवेच्या माणसाला तक्रार टाळता येत नाही.

मात्रेची पडताळणी वेगळी करा. सल्ला हेक्टरी असतो, शेत पायऱ्यापायऱ्यांचं. "हेक्टरी ५०० लिटर पाणी, लिटरला २ मिली औषध" असा मेसेज असेल आणि सगळी खाचरं मिळून २० मीटर गुणिले १० मीटर म्हणजे २०० चौरस मीटर भरत असतील, तर हेक्टरचा तो पन्नासावा भाग. पाणी १० लिटर, औषध २० मिली. बांधाची उभी बाजू मोजणीत धरू नका. उतारावरून टेप टाकूनही मोजू नका. ३० अंशांच्या उतारावर असं मोजलेलं क्षेत्र नकाशातल्या क्षेत्रापेक्षा १५ टक्के जास्त भरतं आणि औषधही तेवढंच जास्त पडतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फोनची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. फोन दाबू नका, उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. सिम दुसऱ्या फोनमध्येही चालत नसेल तर ते बदलण्याचं काम ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच कंपनीत जाऊन करायचं. हे काम करून देतो म्हणून कुणी ओटीपी किंवा पिन मागत असेल तर देऊ नका. शेतीचा सल्ला देण्यासाठी त्यांची गरज कधीच नसते.

रेंज वाढवणारी यंत्रं स्वतः आणून बसवू नका. बऱ्याच देशांत परवानगीशिवाय ती बेकायदा आहेत. शिवाय चुकीचं बसवलेलं यंत्र टॉवरला गोंगाट पाठवतं आणि पूर्ण खोऱ्याचे कॉल बिघडतात. सोंडेवर उंच खांब रोवून अँटेना लावणं म्हणजे विजेला वाट दाखवणं. टॉवरच्या कुंपणात तर कुणीच जायचं नाही.

एकाच कंपनीचे दोन वेगळे फोन, त्याच जागी, ४८ तास बंद असतील तर काम कंपनीचं. तक्रार करताना हे सांगा: जागा, दोन्ही फोनचा प्रकार, २जी की ४जी, डीबीएमचा आकडा, कधीपासून, आणि पावसातच होतं की कोरड्यातही. सल्ला सेवेकडे तक्रार असेल तर नोंदवलेला नंबर, शेवटचा मेसेज कोणत्या तारखेला आला, शेताची उंची आणि पीक. हे नसेल तर समोरचा माणूस "फोन बंद करून चालू करा" एवढंच सांगू शकतो.

मेसेजमधली मात्रा आणि औषधाच्या वेष्टनावरची मात्रा जुळत नसेल तर फवारणी करू नका. वेष्टनावरची मर्यादा ओलांडायची नाही, मेसेज कुणाचाही असो. पानावरची लक्षणं मेसेजमधल्या वर्णनाशी जुळत नसतील, किंवा दोन फवारण्यांनंतरही रोग पसरत असेल, तर तिसरी फवारणी फोनवरून ठरवू नका. रोगट आणि निरोगी दोन्ही पानं कागदात गुंडाळून कृषी अधिकाऱ्याकडे न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, वाटेत सडतात आणि मग रोग ओळखू येत नाही. फवारणीनंतर कुणाला चक्कर, उलटी, घाम किंवा धूसर दिसणं सुरू झालं तर कुठल्याही सल्ला क्रमांकावर वेळ घालवू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, आणि औषधाचं वेष्टन सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.